गुन्हा केवढा, शिक्षा केवढी

१२ मे २००८ रोजी सकाळी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल गावावर हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली. गाव जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचं. त्याचं पोट चालायचं ते ॲग्रिप्रोसेसर्स या मांसाच्या कारखान्यावर. ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे तयार केलेलं मांस इथून देशभर जायचं. केंद्रीय अधिकाऱ्यांनी कारखान्याला वेढा घातला आणि ३८९ कामगारांना ताब्यात घेतलं. बहुतेक जण ग्वाटेमालातल्या खेड्यांतून आलेले होते. काहींना स्पॅनिशही धड येत नव्हतं. त्यांची घरची भाषा मायन कुळातली.

एवढ्या माणसांना ठेवायचं कुठे? वॉटर्लू शहरात 'नॅशनल कॅटल काँग्रेस' नावाचं गुरांच्या प्रदर्शनाचं मैदान आहे. सरकारने ते आधीच घेऊन ठेवलं होतं. तिथल्या नाचगाण्याच्या हॉलमध्ये न्यायालय मांडलं गेलं. हातापायांत बेड्या आणि कमरेला साखळी अशा अवस्थेत कामगारांना दहा-दहाच्या रांगेत न्यायाधीशांपुढे उभं केलं जाई. एकेका वकिलाकडे डझनाहून अधिक आरोपी होते. दुभाषी म्हणून बोलावलेले फ्लोरिडातले प्राध्यापक एरिक कामायद-फ्रेइशास यांनी नंतर या सगळ्यावर एक लेख लिहिला आणि अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षही दिली. म्हणून तो हॉल आज आपल्याला आतून पाहता येतो. नोकरीसाठी लागणारा सरकारी सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे काय हेच पुष्कळ कामगारांना ठाऊक नव्हतं, असं त्यांनी सांगितलं आहे. कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून कुणीतरी कागद दिला होता, तो त्यांनी पुढे केला होता. त्यांचा प्रश्न एकच होता : घरी लवकरात लवकर कसं जाता येईल?

सरकारी वकिलांनी दोन पर्याय ठेवले. दुसऱ्याची ओळख चोरल्याचा गंभीर आरोप अंगावर घेऊन खटला लढवा. हरलात तर किमान दोन वर्षं तुरुंग ठरलेला, आणि खटला उभा राहीपर्यंतही जामिनाशिवाय आतच. नाहीतर खोटी कागदपत्रं वापरल्याची कबुली द्या, पाच महिने तुरुंगात काढा आणि सुनावणीशिवाय हद्दपार व्हा. ज्याच्या पैशांवर घरी चूल पेटते तो माणूस कुठला पर्याय घेईल? जवळपास ३०० जणांनी काही दिवसांतच कबुली दिली. त्यांतल्या बहुतेकांना पाच महिन्यांची शिक्षा झाली.

वर्षभराने, मे २००९ मध्ये, दुसऱ्याच एका कामगाराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. वापरलेला नंबर खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध केल्याशिवाय ओळखचोरीचा तो गंभीर गुन्हा ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे ज्या आरोपाची भीती घालून वॉटर्लूत कबुल्या घेतल्या गेल्या, तो त्यांच्यातल्या बहुसंख्यांवर टिकलाच नसता. तोवर ती माणसं शिक्षा भोगून परतली होती. कारखान्याच्या मुख्य अधिकाऱ्यावरचे स्थलांतरविषयक आरोप सरकारी पक्षाने मागे घेतले. बँकेच्या फसवणुकीबद्दल मात्र त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली, आणि ती डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कमी करून त्याची सुटका केली. कामगारांच्या नावांपुढची नोंद तशीच राहिली.

पोस्टव्हिलपासून सुरुवात केली, कारण अमेरिकेतल्या स्थलांतराच्या वादात 'क्रिमिनल रेकॉर्ड' ही गोष्ट फार सहजपणे गृहीत धरली जाते. विना कागदपत्र राहणाऱ्या लोकांना कधी ना कधी कायदेशीर दर्जा द्यावा, असं म्हणणारे राजकारणीसुद्धा पुढच्याच वाक्यात सांगतात की गुन्ह्याची नोंद असलेल्यांना नाही. ऐकायला हे रास्त वाटतं. पण ती नोंद कशाची आहे, कशी तयार झाली, किती वर्षांपूर्वीची आहे आणि त्यानंतर तो माणूस कसा वागला, हे विचारल्याशिवाय हे वाक्य न्यायाचं होत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. खून, बलात्कार, दरोडा, माणसांचा व्यापार अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला कायदेशीर दर्जा नाकारण्याचा हक्क कुठल्याही देशाला आहे. बाकीच्या नोंदी मात्र तोलायला हव्यात, आणि तोलायला माणूस हवा. आजचा अमेरिकी कायदा बहुतेक ठिकाणी न तोलता निकाल देतो.

मुळात नुसतं व्हिसाची मुदत संपल्यावर अमेरिकेत राहणं हा तिथे फौजदारी गुन्हा नाही. हद्दपारीची कारवाई दिवाणी स्वरूपाची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितलं आहे. सीमा चोरून ओलांडणं हा किरकोळ गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एकदा हद्दपार झालेला माणूस पुन्हा चोरून आत आला तर तो मोठा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद; आधीची गंभीर नोंद असेल तर वीस वर्षांपर्यंत. मागे राहिलेल्या मुलांपाशी परत येणारा बाप याच कलमात सापडतो.

कागदपत्रं नसलेल्यांनी रांगेत उभं राहावं, असं तिथे नेहमी म्हटलं जातं. बहुतेकांसाठी अशी रांगच नाही. ज्या थोड्या वाटा आहेत त्यांत एक म्हणजे अमेरिकी नागरिकाशी लग्न, तीही चोरून आत आलेल्याला सरळ लागत नाही. दुसरी आश्रयाची. तिसरी, स्वतः गुन्ह्याला बळी पडून तपासात पोलिसांना मदत केल्याबद्दल मिळणारा 'यू व्हिसा', वर्षाला १० हजार. आणि चौथी, हद्दपारीच्या खटल्यातच न्यायाधीशाकडे दाद मागण्याची. या चौथ्या वाटेच्या अटी पाहाव्यात : सलग दहा वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक, आणि आपण गेल्याने नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या नवराबायको, आईवडील वा मुलांना असाधारण हालअपेष्टा सोसाव्या लागतील याचा पुरावा. सगळं जुळलं तरी वर्षाला जास्तीत जास्त चार हजार जणांनाच हा दिलासा. ठरावीक प्रकारचा गुन्हा नोंदीत असेल तर अर्ज विचारातच घेतला जात नाही.

हा 'ठरावीक प्रकार' किती लहान असू शकतो ते नेब्रास्कातल्या एका प्रकरणात दिसलं. पंचवीसेक वर्षं अमेरिकेत राहिलेल्या, एक मूल अमेरिकी नागरिक असलेल्या मेक्सिकन माणसाने साफसफाईच्या कंपनीत काम मिळवण्यासाठी खोटं सोशल सिक्युरिटी कार्ड दाखवलं. राज्याच्या न्यायालयाने त्याला तोतयेगिरीच्या प्रयत्नाबद्दल १०० डॉलर दंड केला. तुरुंग नाही, एक दिवसही नाही. हा गुन्हा 'नैतिक अधःपतना'चा ठरतो की नाही, यावर त्याचं सगळं भवितव्य अडलं. ज्या कलमाखाली तो दोषी ठरला त्याला अनेक पोटकलमं होती. काहींत फसवणुकीचा हेतू लागत होता, एकात लागत नव्हता. नेमकं कुठलं पोटकलम लावलं होतं हे नोंदीतून कळत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की नोंद अस्पष्ट असेल तर तोटा अर्जदाराचा, कारण आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर आहे. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी लिहिला. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी विरोधी मत नोंदवलं. कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवलं तर गॉर्सच यांचं म्हणणं खोडणं सोपं नाही. तसे शब्द लिहिणाऱ्या विधिमंडळाला जाब विचारायला हवा.

अमली पदार्थांचं कलम याहून कडक आहे. कुटुंबामार्फत ग्रीन कार्ड मागणाऱ्याच्या नावावर स्वतःच्या वापरासाठी बाळगलेल्या ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाची एकच नोंद असेल, तर माफीसाठी अर्ज तरी करता येतो. दुसरा कुठलाही अमली पदार्थ असेल, वा गांजाची दुसरी नोंद असेल, तर या वाटेने ती माफीही नाही, मग तो प्रसंग विशीतला असो की तीस वर्षांपूर्वीचा. वीसहून अधिक राज्यांत प्रौढांनी गांजा ओढणं आज कायदेशीर आहे. दुकानात पावती करून मिळतो. पण केंद्राच्या कायद्यात तो बंदीच्या यादीत आहे आणि स्थलांतराला केंद्राचा कायदा लागतो. राज्याने परवानगी दिलेली गोष्ट केल्याचं मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं, तर कुठलाही खटला न होता अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी गांजा बाळगल्याचे केंद्रीय गुन्हे माफ केले, तेव्हाही ती माफी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरतीच होती.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावी, कारण ती व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलाबाळांनाही तितकीच लागू आहे. राज्याचं न्यायालय पुष्कळदा म्हणतं, गुन्हा कबूल कर, वर्षभर नीट वाग, नोंद पुसून टाकू. अमेरिकी नागरिकासाठी तिथे प्रकरण मिटतं. स्थलांतराच्या कायद्यात मात्र कबुली दिली आणि न्यायालयाने काही ना काही बंधन घातलं, की ती शिक्षाच मानली जाते. नंतर पुसलेली नोंदही सहसा पुसलेली समजत नाहीत. दुकानातल्या उचलेगिरीच्या किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपात 'हो म्हण आणि मोकळा हो' हा मित्रांचा सल्ला महागात पडतो तो असा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे का, हे आरोपीला सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. ज्याच्या खटल्यात हा निकाल आला तो चाळीस वर्षांहून अधिक काळ ग्रीन कार्डावर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेसाठी लढलेला ट्रकचालक होता. एवढी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस, असं त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं.

कायदा इतका ताठर आधी नव्हता. गुन्हेगारांना देशाच्या दारातच अडवण्याची तरतूद १८७५ पासूनची आहे आणि 'नैतिक अधःपतन' ही कसोटी १८९१ च्या कायद्यात आली. १९१७ मध्ये देशात आधीच राहत असलेल्यांना गुन्ह्यासाठी हद्दपार करण्याची व्यापक तरतूद झाली. मात्र त्याच कायद्याने शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाला एक अधिकार दिला. या माणसाला हद्दपार करू नये अशी शिफारस तो करू शकत होता, आणि ती सरकारवर बंधनकारक असे. पुढे अमली पदार्थांचे गुन्हे यातून वगळले गेले, तरी १९९० पर्यंत हा अधिकार टिकला. ज्याने साक्षी ऐकल्या, आरोपीला डोळ्यांसमोर पाहिलं, त्याच न्यायाधीशाने ठरवायचं की तुरुंगाच्या शिक्षेवर देशातून हाकलण्याची दुसरी शिक्षा लादावी का. यात मला मोठं शहाणपण दिसतं.

मग अमली पदार्थांविरुद्धच्या लढाईचं दशक आलं. १९८८ मध्ये काँग्रेसने 'ॲग्रव्हेटेड फेलनी' असा नवा वर्ग तयार केला. त्यात तेव्हा तीनच गोष्टी होत्या : खून, अमली पदार्थांचा व्यापार आणि शस्त्रांचा चोरटा व्यापार. १९९० मध्ये यादी वाढली आणि न्यायाधीशांचा शिफारशीचा अधिकार काढून घेतला गेला. १९९६ मध्ये, ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटानंतरच्या वातावरणात, दोन कायदे झाले आणि सगळं चित्र पालटलं. हिंसा किंवा चोरीच्या गुन्ह्यात आधी पाच वर्षांची शिक्षा लागायची, ती अट एका वर्षावर आली. शिक्षा स्थगित ठेवली, माणूस एक रात्रही तुरुंगात गेला नाही, तरी ती वर्षाचीच धरायची. आणि हे पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांनाही लागू. आज त्या यादीत २१ पोटकलमं आहेत. गुन्हा या यादीत बसला की विना कागदपत्र माणसाला आश्रयासकट जवळपास सगळ्या वाटा बंद. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात आरोपीकडे १.३ ग्रॅम गांजा सापडला होता, दोन-तीन सिगारेटींपुरता, आणि सरकार त्याला या वर्गात बसवू पाहत होतं. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते नाकारलं. पण त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

एका वर्षाच्या या रेषेमुळे राज्यांवर काय वेळ आली तेही पाहण्यासारखं आहे. किरकोळ गुन्ह्याची कमाल शिक्षा कॅलिफोर्नियाने २०१५ पासून ३६५ दिवसांवरून ३६४ वर आणली. वॉशिंग्टन राज्याने ते आधीच केलं होतं, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये केलं. एक दिवस कमी, एवढाच बदल. त्या एका दिवसात कुणाचं घर टिकतं, कुणाचं मोडतं. गुन्ह्याचं गांभीर्य मात्र त्या दिवसाने कणभरही बदलत नाही.

सरसकट कायदेशीर दर्जा देण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेने एकदाच केला. ६ नोव्हेंबर १९८६ ला रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळालं. सर्वसाधारण अर्जदारांसाठी अट अशी होती की १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून देशात असावं आणि नावावर एकही मोठा गुन्हा किंवा तीन किरकोळ गुन्हे नसावेत. त्याच कायद्याने कागदपत्रं नसलेल्यांना जाणूनबुजून कामावर ठेवणं मालकांसाठी पहिल्यांदाच बेकायदा केलं आणि प्रत्येक नोकरीला कागद दाखवणं सक्तीचं झालं. शेतांना, मांसाच्या कारखान्यांना, बांधकामांना मजूर तर हवेच होते. मग खोट्या कार्डांचा बाजार उभा राहिला. पोस्टव्हिलच्या कामगारांनी पुढे केलेला कागद याच बाजारातला. आधी काम करायचं तर खोटा कागद लागेल अशी परिस्थिती करायची आणि मग त्या खोट्या कागदाच्या जोरावर माणूस गुन्हेगार म्हणून नालायक ठरवायचा, हे मला मान्य होत नाही. परवान्याशिवाय गाडी चालवण्याचंही तसंच. जिथे बस नाही आणि काम वीस मैलांवर आहे, तिथे परवाना नाकारलेला माणूस गाडी चालवणारच. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी परवाने द्यायला सुरुवात केली, तशी तिथे ही नोंद होणंच कमी झालं.

'तीन किरकोळ गुन्हे' ही कसोटी पुढे सगळ्यांनी उचलली. १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने लहानपणी आणलेल्या मुलांसाठी 'डाका' योजना जाहीर केली. तिच्यातही एक मोठा गुन्हा, एक 'लक्षणीय' किरकोळ गुन्हा किंवा तीन साधे किरकोळ गुन्हे असतील तर प्रवेश नाही. जून २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकातही तीच मोजणी होती. ते विधेयक पुढे प्रतिनिधिगृहात मतदानालाच आलं नाही. 'डाका'च्या नियमांत एक चांगली गोष्ट होती. लक्षणीय म्हणजे काय हे तिथे सांगितलं होतं : घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, घरफोडी, बंदुकीचा गुन्हा, अमली पदार्थांची विक्री, दारू पिऊन गाडी चालवणं, किंवा ९० दिवसांहून जास्त कैद. या यादीशी मी सहमत आहे. बायकोवर हात उचलणं कायद्याच्या वर्गवारीत किरकोळ असलं तरी ते किरकोळ नाही. पण उरलेल्या नोंदी नुसत्या बोटांवर मोजण्यात काय अर्थ? १९ व्या वर्षी एका उन्हाळ्यात तीन वेळा पकडला गेलेला आणि त्यानंतर पंधरा वर्षं नेटाने संसार करणारा माणूस बाहेर, आणि गेल्याच वर्षी दोनदा मारामारी केलेला आत. तीनचा आकडा वापरायला सोपा आहे, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येतं.

या वादाची दुसरी बाजू मी हलकी लेखत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्जिया राज्यात सकाळी धावायला गेलेल्या लेकन रायली या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा खून झाला. मारेकरी व्हेनेझुएलाहून बेकायदा आलेला होता आणि त्याआधी दुकानातल्या उचलेगिरीत पोलिसांच्या हाती लागलेला होता. त्या वेळीच त्याला ताब्यात ठेवलं असतं तर, हा तिच्या घरच्यांचा प्रश्न कुणीही परतवून लावू शकत नाही. २९ जानेवारी २०२५ ला तिच्या नावाचा कायदा झाला. चोरी, घरफोडी, उचलेगिरी, पोलिसांवर हल्ला अशा गोष्टींत अटक झालेल्या किंवा आरोप ठेवलेल्या विना कागदपत्र माणसाला आता सक्तीने कोठडीत ठेवायचं असतं. दोष सिद्ध होण्याची गरज नाही. माझा आक्षेप इथे आहे. चुकीने पकडलेला, सूडापोटी तक्रार झालेला आणि खरोखर धोकादायक असलेला, तिघेही एकाच कोठडीत जातात.

आकडे दोन्ही बाजूंचे पाहावेत. स्थलांतर खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये काँग्रेसला कळवलं की त्याच्या कोठडीत नसलेल्या परदेशी लोकांमध्ये खुनात दोषी ठरलेले १३ हजारांहून अधिक आहेत. आकडा धक्का देणारा आहे. मात्र तो अनेक दशकांचा आहे आणि त्यांतले पुष्कळ जण राज्यांच्या वा केंद्राच्या तुरुंगांत शिक्षा भोगत आहेत. दुसरीकडे टेक्सास राज्य अटक झालेल्या प्रत्येकाचा स्थलांतराचा दर्जा तपासतं, त्यामुळे तिथली आकडेवारी विश्वासार्ह आहे. मायकल लाइट आणि सहकाऱ्यांनी २०१२ ते २०१८ ची ती आकडेवारी तपासून २०२० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांत विना कागदपत्र लोकांच्या दुपटीहून जास्त निघालं, आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी चौपटीहून जास्त. हे समजण्यासारखं आहे. पोलिसांच्या एका प्रश्नाने सगळं गमावण्याची भीती असलेला माणूस जपून वागतो.

काळाचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आल्फ्रेड ब्लूमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा या संशोधकांनी १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्यांचा पुढचा प्रवास तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की पुन्हा अटक न होता साधारण चार ते आठ वर्षं गेली, की त्या माणसाकडून गुन्हा होण्याची शक्यता त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकी खाली येते. गुन्हा कोणता आणि वय किती, यावर वर्षं थोडी कमीजास्त होतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची चोरी आजच्या माणसाविषयी फार काही सांगत नाही. तिची आठवण ठेवणं हे लोकांच्या सुरक्षिततेसाठी नसून पुन्हा शिक्षा देण्यासाठी असतं.

युरोपात हे तोलण्याची पद्धत आहे. २००१ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्धच्या एका खटल्यात, दरोड्यासाठी दोन वर्षांची शिक्षा झालेल्या अल्जीरियन माणसाच्या बाजूने निकाल देताना युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने काय काय पाहायचं ते सांगितलं : गुन्ह्याचं स्वरूप, देशातल्या वास्तव्याची वर्षं, गुन्ह्यानंतर गेलेला काळ आणि त्या काळातली वागणूक, कुटुंबाची स्थिती. २००६ मध्ये त्यात मुलांचं हित स्पष्टपणे जोडलं गेलं. मात्र त्याच २००६ च्या खटल्यात याच कसोट्या लावून न्यायालयाने नेदरलँड्स सरकारने केलेली हद्दपारी योग्य ठरवली. तोलणं म्हणजे माफी देणं नाही, हे यातून दिसतं. स्पेनमध्ये कायदेशीर वास्तव्य मागणाऱ्याची गुन्ह्याची नोंद तपासतात, पण स्पेनचं दंडविधान ती नोंद ठरावीक काळाने रद्दही करतं. हलक्या शिक्षेची सहा महिन्यांनी, एका वर्षापर्यंतच्या शिक्षेची दोन वर्षांनी, सर्वांत जड शिक्षेची दहा वर्षांनी, आणि मध्ये नवा गुन्हा घडलेला नसावा ही अट.

हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये अमेरिकेत सव्वासात लाख भारतीय विना कागदपत्र होते. अमेरिकी सरकारचा अंदाज याहून बराच कमी आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांत गुजरात, हरियाणा आणि पंजाबचे लोक जास्त होते, आणि तिघे महाराष्ट्रातले होते. बेड्या घालून आणलेल्या त्या माणसांची छायाचित्रं पाहून आपल्यातल्या अनेकांनी त्यांना गुन्हेगार ठरवलं. चोरून सीमा ओलांडणं याखेरीज कुणाच्या नावावर दुसरं काही आहे का, हे विचारायला फार थोडे थांबले.

अमेरिकेत पुन्हा कधी मोठा कायदा झालाच, तर त्यात काय असावं? गंभीर हिंसेच्या गुन्ह्यांसाठी दार बंद, आणि त्यात तडजोड नाही. कागद नसल्यामुळेच घडणारे गुन्हे, म्हणजे नोकरीसाठी दाखवलेलं खोटं कार्ड, परवान्याविना गाडी, चोरून ओलांडलेली सीमा, हे मोजणीतून बाहेर. अटक आणि आरोप मोजायचे नाहीत, सिद्ध झालेला दोषच मोजायचा. राज्याने पुसलेली नोंद केंद्रानेही पुसलेली मानायची. आणि यांच्या मधल्या सगळ्या प्रकरणांत न्यायाधीशाला ठरवू द्यायचं. १९१७ पासून १९९० पर्यंत अमेरिकी न्यायाधीशांनी असा निर्णय घेण्याची जबाबदारी पेलली होती. काँग्रेसने त्यांना ती परत द्यावी, आणि या वेळी विना कागदपत्र माणसालाही त्यांच्यापुढे उभं राहून आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क द्यावा.